साठीनंतर घाट धावायचा असेल तर

सातारा शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्यानं परत खाली यायचं. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा हा मार्ग. ही शर्यत २०१२ साली सुरू झाली. अंतर २१ किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनच्या निम्मं. दिवस पावसाळ्याचे. कधी धुकं, कधी भुरभुर, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर. इतकी देखणी वाट पाहून कोणालाही धावावंसं वाटेल.

तुमची साठी झाली असेल आणि तुम्हालाही वाटत असेल, तर जरूर जा. वय झालं म्हणून घरात बसायचं कारण नाही. घरातलं कोणी "आता या वयात कशाला?" म्हणत असेल, तर त्यांनाही हे वाचायला द्या. त्यांची काळजी खोटी नाही. पण तयारी नीट असेल, तर ती बरीच हलकी होऊ शकते.

एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की करा. तरुणपणी शरीर लगेच सांगतं. साठीनंतर ते उशिरा सांगतं. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, तरी तहान लागत नाही. उतारावर मांड्या दुखावतात, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. हृदयाची तक्रार कधी छातीत न येता पोटात येते आणि आपण तिला पित्त समजतो. त्यात समोर डोंगर, धुकं, टाळ्या वाजवणारी माणसं. मन तिकडे रमतं आणि शरीर जे थोडंफार सांगत असतं, तेही ऐकू येत नाही.

म्हणून "वाटेल तसं बघू" हे या वयात चालत नाही. पाणी कधी प्यायचं, चालायचं कधी, थांबायचं कधी, हे घरीच ठरवा. तिथे गेल्यावर ठरवलेलं पाळा. पुढे जे सांगतो आहे, ते सगळं याच एका गोष्टीसाठी.

आधी डॉक्टर, मग नावनोंदणी

पैसे भरून झाले की माणूस माघार घ्यायला तयार होत नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी डॉक्टरांकडे जा, मग नाव नोंदवा.

जाताना स्पष्ट सांगा, "मला २१ किलोमीटर घाटात धावायचं आहे." नुसतं "थोडा व्यायाम करतो" असं सांगू नका. डॉक्टर त्या हिशेबानं तपासतील.

पडून काढलेला ईसीजी चांगला आला, एवढ्यावर समाधान मानू नका. तो हृदय आरामात असतानाचा असतो. घाटात त्याला कितीतरी जास्त काम पडतं. ट्रेडमिलवर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट तुम्हाला करायला हवी का, हे विचारा. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तुम्हाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, पूर्वी तंबाखू-सिगारेट असेल, तर हे न विसरता सांगा. आणि टेस्ट चांगली आली म्हणजे आयुष्यभराची हमी मिळाली असंही नाही. पुढे काही नवं जाणवलं, तर पुन्हा जा.

रोजच्या गोळ्यांची यादी सोबत न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत. मग मनगटावरचं घड्याळ "सगळं ठीक" दाखवतं आणि तुम्ही मात्र धापा टाकत असता. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि अंगातलं पाणी कमी होतं. शर्यतीच्या सकाळी कोणती गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करू नका.

मधुमेह असेल तर आणखी एक काळजी घ्या. इन्सुलिन आणि काही गोळ्या चालू असताना धावलं, तर साखर झपकन उतरू शकते. ती धावतानाच उतरते असं नाही. त्या रात्री झोपेतही उतरू शकते. सरावाच्या लांब धावेनंतर रात्री झोपण्याआधी साखर तपासा. धावताना खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. घरी आल्यावर तळपाय, बोटांमधल्या बेचक्या हातानं आणि डोळ्यांनी तपासा. पायाला फोड आला तरी तुम्हाला कळेलच असं नाही.

बायकांनी हाडांकडे विशेष लक्ष द्यावं. पाळी गेल्यानंतर हाडं वेगानं ठिसूळ होतात. ओल्या उतारावर पाय घसरला, तर तरुण मुलीला खरचटतं आणि तुमचं मनगट मोडतं. ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी करून घ्यावी का, हे विचारून घ्या.

वेळ हाताशी ठेवा

तुम्ही आज आठवड्यातून तीन-चार दिवस आरामात आठ-दहा किलोमीटर धावत असाल, तर चार महिने धरा. आज फक्त चालत असाल, तर आठ-दहा महिने धरा. यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी जा. घाट कुठे जात नाही.

आठवडा असा बसवा. दोन दिवस हलकं धावणं. एक दिवस चढावर चालणं-धावणं मिळून. एक दिवस लांब अंतर. दोन दिवस ताकदीचे व्यायाम. निदान एक दिवस पूर्ण विश्रांती.

जोराच्या दिवसानंतर तरुणाला एक दिवस पुरतो. तुम्हाला दोन लागतील. लांब धाव दर आठवड्याला नको, एक आठवडा सोडून ठेवा. हा आळस नाही. शरीर भरून येतं ते विश्रांतीतच, आणि साठीनंतर भरून यायला वेळ जास्त लागतो.

वेग किती ठेवायचा? धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर दम तुटत असेल, तर वेग जास्त आहे. घड्याळापेक्षा ही खूण भरवशाची.

कॅनडाचे एड व्हिटलॉक यांचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. २००३ साली, वयाच्या ७२व्या वर्षी, त्यांनी पूर्ण मॅरेथॉन तीन तासांच्या आत धावली. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं हे पहिल्यांदाच केलं होतं. २०१६ साली, ८५व्या वर्षी, त्यांनी तेच अंतर चार तासांच्या आत पुरं केलं. पण सराव कसा? घराजवळच्या दफनभूमीतल्या छोट्या रस्त्यावर, संथपणे, फेऱ्यांवर फेऱ्या. आणि दुखापत झाली की बरी होईपर्यंत धावणं बंद. त्यांच्या वेळा तुमच्या-माझ्यासाठी नाहीत. त्यांचा धीर मात्र घेण्यासारखा आहे.

चढापेक्षा उताराची तयारी जास्त करा

घाट म्हटलं की सगळे चढाला घाबरतात. खरं तर चढ प्रामाणिक असतो. दम लागतो, तुम्ही आपोआप हळू होता. उतार फसवतो. पाय आपोआप पळतात, बरं वाटतं, वेळही भरून निघतो. आणि त्याच वेळी मांड्यांचं नुकसान होत असतं.

एक पाऊल नीट बघा. उतारावर पाय पुढे पडतो, गुडघा थोडा वाकतो आणि अंगाचा सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर येतो. तो स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार अडवून धरावा लागतो. हे काम स्नायूला सगळ्यात जड जातं. असं दर पावलाला होतं. साताऱ्याच्या शर्यतीत परतीची वाट बहुतेक उताराचीच आहे, म्हणजे अशी हजारो पावलं. ठणका मात्र तेव्हा लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना लागतो.

यावर चांगला उपाय आहे. स्नायूला उताराची एकदा सवय झाली, की पुढचे काही आठवडे तो कमी दुखावतो. म्हणून सरावात उतार मुद्दाम घ्या. पहिल्यांदा अर्धा किलोमीटर, तोही चालत. मग हळूहळू वाढवा. जवळ टेकडी नसेल, तर उड्डाणपूल किंवा इमारतीचा जिना वापरा. जिना उतरताना कठडा हाताशी असू द्या. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी घ्या. शेवटच्या आठवड्यात उतार नको.

जिना उतरताना आजच गुडघा दुखत असेल, तर घाटाचं नाव आत्ता काढू नका. आधी गुडघा दाखवा. सपाट रस्त्याची शर्यत निवडा. मुंबई मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांसाठी कमी अंतराची वेगळी धाव असते. तिथून सुरुवात केली तर कमीपणा नाही.

आणि कोणतीही वाट निवडली, तरी तिची खोड आधी ओळखा. मुंबईला समुद्राकाठचा रस्ता आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू मिळतो, पण पेडर रोडचा चढ आहे, हवा दमट आहे आणि पुलावर सावली नाही. साताऱ्यात ऊन कमी लागतं, पण रस्ता ओला असतो.

ताकद आणि ताट

नुसतं धावून साठीनंतर पाय मजबूत होत नाहीत. स्नायू वयानुसार कमी होत जातात. त्यांना मुद्दाम काम द्यावं लागतं. त्यासाठी जिम लागत नाही.

खुर्चीवर बसा आणि हात न टेकता उठा. दहा वेळा. हळू बसा, धपकन नको.

जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभे राहा. एक पाय पुढे घेऊन सावकाश जमिनीला टेकवा, पुन्हा वर घ्या. एकेका पायानं दहा वेळा. उताराचा हा सगळ्यात चांगला सराव.

भिंतीला हात टेकून टाचा उचला आणि हळू खाली आणा. पंधरा वेळा.

दात घासताना एका पायावर उभे राहा. दुसरा हात बेसिनला लागेल असा ठेवा. तोल सांभाळायची सवय ओल्या रस्त्यावर कामी येते.

आता ताटाचं. बऱ्याच घरांत वय वाढलं की रात्रीचं जेवण आमटी-भात, खिचडी किंवा नुसतं दूध-पोळी एवढ्यावर येतं. धावणाऱ्याला ते पुरत नाही. ज्येष्ठांना रोज अंगाच्या दर किलो वजनामागे एक ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलो वजनाला साठ-सत्तर ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. कपभर दुधात तेवढीच. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. वाटीभर घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, मासे, चिकन, जे घरात चालतं ते घ्या. पण तिन्ही वेळच्या जेवणात थोडं थोडं घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

बूट, चष्मा, कपडे

बूट सायंकाळी घ्यायला जा. दिवसभरानं पाय थोडे सुजलेले असतात, तसेच ते शर्यतीतही सुजतात. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखं बुटावर आपटून काळी पडतात. नाडी घोट्याशी घट्ट बांधा म्हणजे टाच मागेच राहील. नखं शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी कापा. नवे बूट शर्यतीच्या दिवशी कधीही घालू नका.

चष्म्याकडे कोणी लक्ष देत नाही. तुमचा चष्मा वर लांबचं आणि खाली जवळचं दाखवणारा असेल, तर उतारावर जपा. खाली बघताना नजर वाचायच्या भागातून जाते आणि पावलासमोरचा रस्ता धूसर दिसतो. खड्डा, कडा, पाण्याची धार नीट कळत नाही. धावायला फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा करून घ्या. पावसाचे थेंब काचेवर येऊ नयेत म्हणून पुढे झाप असलेली टोपी घाला.

कपडे सुती नकोत. सुती कपडा भिजला की जड होतो, गार पडतो आणि घासतो. काखेत, मांड्यांत, छातीवर व्हॅसलीन लावा. सुरुवातीला मैदानात बराच वेळ उभं राहावं लागतं. अंगावर जुना शर्ट किंवा प्लॅस्टिकचा रेनकोट ठेवा, निघताना घरच्यांकडे द्या.

एक नाजूक गोष्ट, पण सांगायलाच हवी. धावताना लघवीचे थेंब येतात, म्हणून कितीतरी बायका पाणीच पीत नाहीत. असं करू नका. पॅड वापरा, गडद कपडे घाला आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम डॉक्टरांकडून शिकून घ्या. पुरुषांनीही प्रोस्टेटचा त्रास लपवू नये. मार्गावर स्वच्छतागृहं कुठे आहेत, हे आधी बघून ठेवा.

सरावाच्या रस्त्यावर जपा

फौजासिंग यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १९११चा. पहिली मॅरेथॉन लंडनला, २००० साली, वयाच्या ८९व्या वर्षी. जुलै २०२५ मध्ये, ११४व्या वर्षी, पंजाबात आपल्या गावाजवळच्या रस्त्यावर गाडीनं धडक दिली आणि ते गेले. इतकी वर्षं पायांनी साथ दिलेल्या माणसाचा घात रस्त्यानं केला.

म्हणून पहाटे अंधारात धावताना चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घाला. समोरून येणारी गाडी दिसेल अशा, म्हणजे उजव्या बाजूनं धावा. कानात काही घालू नका. आपल्या वयात ऐकू आधीच कमी येतं. शक्य तर दोघं-तिघं मिळून जा. घाटात सरावाला जाल तर वळणावर कडेला राहा आणि घरी वेळ सांगून निघा. रस्त्यापेक्षा मैदान किंवा शाळेचं पटांगण मिळालं, तर आधी ते घ्या.

शेवटचा आठवडा

या आठवड्यात धावणं निम्म्याहून कमी करा. राहिलेला सराव आता भरून निघत नाही. फक्त थकवा जमा होतो.

ताप, जुलाब, अंगदुखीसह खोकला यातलं काही झालं, तर शर्यत सोडा. ताप उतरला तरी सोडा. अंगात ताप मुरलेला असताना जोरात धावलं, तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. पैसे गेले तर जाऊ द्या.

दुसऱ्याच्या नावाचा क्रमांक लावून धावू नका. स्वस्तात मिळाला तरी नको. रस्त्यात चक्कर आली, तर तिथले डॉक्टर त्या क्रमांकावरून वय आणि रक्तगट बघतील, घरी फोन करतील. सगळं दुसऱ्याचं असेल. तुमच्या स्वतःच्या क्रमांकाच्या मागे नाव, रक्तगट, आजार, चालू गोळ्या आणि घरच्यांचा फोन पेननं लिहा. पावसात पेनची शाई उतरते, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा.

आदल्या रात्री नेहमीचं घरचं जेवण घ्या. तेलकट, नवं, हॉटेलातलं नको. रात्री झोप लागली नाही तरी घाबरू नका. त्याआधीच्या दोन-तीन रात्री चांगलं झोपा, ती झोप उपयोगी पडते.

शर्यतीच्या दिवशी

निघण्याच्या दोन-अडीच तास आधी थोडं खा. सरावात जे पचलं तेच. चहा-पोळी चालत असेल तर तेच, केळं चालत असेल तर केळं.

दुखण्याची गोळी आधीच घेऊन धावू नका. "गुडघा दुखायला नको" म्हणून अनेकजण घेतात. धावताना मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं. त्यात ही गोळी आणि घाम, दोन्हींचा भार पडतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर धोका आणखी वाढतो. शिवाय गोळीनं दुखणं झाकलं जातं. आपल्या शरीराचा निरोप आधीच उशिरा येतो, तो आपणच अडवू नये.

सुरुवातीला मागच्या बाजूला उभे राहा. बंदूक वाजली की तरुण मुलं सुसाट सुटतात. त्यांच्या मागे लागू नका. गावातला पहिला टप्पा मुद्दाम हळू घ्या.

चढावर ठरवून चाला. चार मिनिटं धावणं आणि एक मिनिट चालणं असं काही सरावात जमलं असेल, तर ते पहिल्या किलोमीटरपासून करा. दमल्यावर चालायला लागू नका, दमायच्या आधी चाला. अनेक जाणते धावपटू असंच करतात. चालताना आजूबाजूला बघा. डोंगर बघायचा तर चालताना किंवा थांबून बघा. फोटो काढायचा तर रस्त्याच्या कडेला येऊन पूर्ण थांबा. धावताना नजर रस्त्यावर हवी.

पाण्याचं माप घरीच ठरवा. त्यासाठी सरावात एक सोपी परीक्षा करा. लांब धावेच्या आधी आणि नंतर, कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून वजन करा. अर्धा-एक किलो कमी झालं तर ठीक. दोन किलो कमी झालं तर पाणी कमी पडलं. वजन वाढलं तर पाणी जास्त झालं.

जास्त पाणीही वाईट, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. हळू धावणारा माणूस रस्त्यावर जास्त वेळ असतो आणि प्रत्येक टेबलावर पेला रिकामा करतो. त्यानं रक्तातलं मीठ उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. म्हणून प्रत्येक टेबलाशी दोन-चार घोट घ्या, पेलाभर नको. ओआरएस घेणार असाल, तर पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. पाणी चालत प्या, धावत पिऊ नका. ठसका लागतो.

उतारावर पावलं छोटी ठेवा. पाय अंगाच्या खाली पडू द्या, लांब पुढे टाकू नका. गुडघे किंचित वाकलेले, खांदे सैल. मागे रेलून ब्रेक लावू नका, त्यानं गुडघ्याला हिसके बसतात. रस्त्यावरचे रंगवलेले पांढरे पट्टे ओले असले की निसरडे होतात. कडेला शेवाळ असतं, पानं पडलेली असतात. त्यांच्यावरून जाऊ नका. कोणी वेगानं मागून येत असेल तर त्याला जाऊ द्या.

या खुणा दिसल्या तर थांबाच

छातीत दाब, जडपणा किंवा जळजळ. जबडा, मान, डावा हात किंवा पाठीत भरून येणं. थंड घाम. चालायला लागूनही न उतरणारा दम. डोळ्यांपुढे अंधारी. धडधड चुकल्यासारखी वाटणं. अंगावर काटा येऊन थंडी वाजणं. अचानक आलेली मळमळ.

यातलं काहीही झालं, तर "पित्त असेल, पुढच्या वळणावर बघू" असं म्हणू नका. जागच्या जागी थांबा. शेजारच्या धावपटूला सांगा, स्वयंसेवकाला हाक मारा, रुग्णवाहिका मागवा. मधुमेह असणाऱ्यांनी तर मदत मागायला अजिबात वाट बघू नये. त्यांना छातीत न दुखताही झटका येऊ शकतो.

दुसरा कोणी असा दिसला, तर तुम्हीही थांबा. तुमची वेळ बिघडेल. बिघडू द्या.

संपल्यावर

रेषा ओलांडली की लगेच बसू नका, उभेही राहू नका. धावताना पायांत आलेलं रक्त तिथेच साचतं आणि चक्कर येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना जास्त येते. दहा मिनिटं सावकाश चाला. ओले कपडे लगेच बदला. घोट घोट पाणी, मग तासाभरात काहीतरी खा. लगेच कढत पाण्यानं आंघोळ नको.

गाडी स्वतः चालवत घरी जाऊ नका. पायात गोळे आले तर ब्रेकवर पाय दाबता येत नाही. प्रवास लांबचा असेल तर मध्ये उतरा, पाय मोकळे करा. त्या रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, मग उभे राहा.

लघवी चहासारखी गडद झाली किंवा बराच वेळ झालीच नाही, तर डॉक्टरांकडे जा. दुखणं चार-पाच दिवसांत कमी होतं. एकाच जागी, एकाच बाजूला दुखत राहिलं किंवा सूज आली, तर दाखवा. पुढचे दोन-तीन आठवडे फक्त हलकं चालणं आणि हलकं धावणं.

घरच्यांसाठी दोन शब्द

बाबांना किंवा आईला "जाऊ नका" म्हणण्यापेक्षा त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. त्यांच्या ताटात काय पडतं ते बघा. सरावाच्या रविवारी फोन चालू ठेवा. शर्यतीला एकजण सोबत जा, कोरडे कपडे आणि गोळ्यांची यादी घेऊन. कुठे भेटायचं ते आधी ठरवा, कारण गर्दीत फोन लागतोच असं नाही.

आणि ते मधेच थांबून परत आले, तर "सांगत होतो ना" असं म्हणू नका. वेळेवर थांबता येणं ही या वयातली मोठी हुशारी आहे. ती केली म्हणून बोलणी खावी लागली, तर पुढच्या वेळी ते थांबणार नाहीत.

आता या आठवड्यात तीनच कामं करा. डॉक्टरांची वेळ घ्या. खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येतं ते मोजा. कपाटातले धावायचे बूट काढून त्यांचे तळवे झिजलेत का ते बघा. शर्यतीची तारीख त्यानंतर ठरवा. आणि तारीख ठरली की पाणी, चालणं आणि थांबणं या तीन गोष्टींचे नियम कागदावर लिहून सरावाच्या पहिल्याच दिवसापासून पाळा.